काजव्याच्या उजेडात डायॉक्सिनचा शोध

१९९९च्या सुरुवातीला बेल्जियममधल्या कुक्कुटपालकांच्या कोंबड्या अंडी कमी घालू लागल्या. अंड्यांतून पिल्लं बाहेर पडेनात, आणि जी पडली तीही अंगात पाणी साठून मरू लागली. खाद्यातल्या चरबीत पीसीबी (क्लोरीनयुक्त विषारी रसायनं) असलेलं ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं होतं. डायॉक्सिन हे जहाल विष त्यात होतं जेमतेम १ ग्रॅम. तेवढ्यानं देशभरच्या दुकानांतून अंडी-चिकन उचललं गेलं आणि दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले.

डायॉक्सिन आणि त्याची भावंडं फ्युरान मिळून २१० संयुगं. त्यातली १७ खरी घातक. त्यांच्यासारखीच वागणारी १२ पीसीबी वेगळी. मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र ती एकेक करून मोजतं. काम खात्रीचं, पण महाग आणि वेळखाऊ. हजारो नमुने दारात उभे असताना ते कसं परवडणार?

म्हणून पेशीलाच विचारायचं. आपल्या पेशींत एएच ग्राही नावाचं प्रथिन असतं. डायॉक्सिन त्याला चिकटलं की ते केंद्रकात शिरतं, एका जोडीदार प्रथिनासह डीएनएच्या ठरावीक जागी बसतं आणि तिथली जनुकं चालू करतं. डायॉक्सिनचे बहुतेक दुष्परिणाम याच वाटेनं होतात. शास्त्रज्ञांनी उंदराच्या यकृताच्या कर्कपेशींत त्या जागेपुढे काजव्याचं उजेड पाडणारं जनुक जोडलं. चाचणीचं नाव कॅलक्स. मृगाच्या आधी भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं ज्या रसायनक्रियेनं लुकलुकतात, तीच इथे चिमूटभर पेशींत घडते.

अंड्यातली चरबी काढून ती सल्फ्युरिक आम्ल मुरवलेल्या सिलिकाच्या नळीतून सोडतात. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण एएच ग्राहीला धुरातली, जळक्या तेलातली इतर संयुगंही चिकटतात. आम्लात ती नष्ट होतात, चिवट डायॉक्सिन टिकतं. मग ९६ खळग्यांच्या ताटलीत पेशींवर तो अर्क घालून साधारण २४ तास ठेवायचं, पेशी फोडायच्या, काजव्याच्या उजेडाचं इंधन, म्हणजे ल्युसिफेरिन, टाकायचं आणि उजेड मोजायचा. टीसीडीडी या सर्वांत जहाल डायॉक्सिनच्या ठाऊक असलेल्या मात्रांशी तो ताडला की मिश्रणाचा एकूण विषारीपणा कळतो.

त्यात नेमकं कोणतं संयुग आहे, हे मात्र पेशी सांगत नाही. संशयित नमुना म्हणूनच यंत्राकडे जातो. २००४मध्ये विषप्रयोगाच्या संशयावरून युक्रेनचे नेते व्हिक्टर युश्चेन्को यांचं रक्त ॲम्स्टरडॅमला तपासलं, तेव्हा हाच क्रम होता: आधी पेशी उजळल्या, मग यंत्रानं नाव सांगितलं. टीसीडीडी.