‘आई कुठे काय करते’चा निरोप: खान्देशातील प्रेक्षकाच्या घालमेलीची पार्श्वभूमी

३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘आई कुठे काय करते’ या मालिकेचा शेवटचा भाग प्रसारित झाला आणि २३ डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ पाच वर्षे चाललेली अरुंधती देशमुखची गोष्ट थांबली. पारोळा तालुक्यातील आमच्या घरी त्या रात्री माय एवढेच म्हणाली, “बरं जयं, संपनी एकदाची. पन आते तिनं काय व्हई?” मालिका संपली याची सुटका आणि आता त्या बाईचे काय होणार याची काळजी तिला एकाच वेळी वाटत होती. मलाही नेमके तेच वाटत होते. या घालमेलीचे कारण त्या एका मालिकेत शोधून सापडत नाही. त्यासाठी कौटुंबिक मालिका खान्देशात कशी आली, ती रोजची कशी झाली आणि तिचा शेवट कोण ठरवू लागले, हे मागे जाऊन पाहावे लागते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याकडील घरे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पाहत होती, त्या वेळी खान्देशातील गावांत दूरचित्रवाणी संच ही ऐकीव गोष्ट होती. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कार्यरत झाल्यावर देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. हे प्रक्षेपक प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवीत असत. परिणामी, घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि पडद्यावर हिंदी अशी आमच्याकडची सुरुवात झाली, आणि पुष्कळ घरांना भेटलेली पहिली कौटुंबिक मालिका मराठी नव्हती. ती ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात चाललेली ‘हम लोग’ होती.

‘हम लोग’ दीडशेच्या आसपास भागांनंतर संपली. त्या काळातील दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांना बहुधा तेरा आठवड्यांची मंजुरी मिळत असे आणि गरजेनुसार ती वाढवली जाई. मालिका आठवड्यातून एक-दोनदा लागायची, ठरलेल्या काळात गोष्ट सांगायची आणि निघून जायची. प्रेक्षकाला हुरहुर लागे, परंतु आपली फसगत झाली असे त्याला वाटत नसे, कारण शेवट हा गोष्टीचाच भाग होता. आज मालिका संपताना जी चिडचिड होते तिचे मूळ मला इथे दिसते: गोष्टीला शेवट असतो ही सवय आम्हाला आधी लागली आणि ती मोडणारी रचना नंतर आली.

ही रचना म्हणजे दैनंदिन मालिका. मराठीत ‘दामिनी’ने तिची वाट घालून दिली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही वाहिनी आली आणि तिच्यावरील ‘आभाळमाया’ने संध्याकाळ व्यापली. पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली. तिच्यावर २००१ मध्ये सुरू झालेली, रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग करून २०१३ मध्ये थांबली. ज्या मुलीच्या जन्माच्या वेळी ती सुरू झाली, ती मुलगी ती संपेपर्यंत सहावीत पोहोचली होती. एवढ्या काळात मालिका ही केवळ गोष्ट राहत नाही. ती घराच्या दिनक्रमाला चिकटते आणि भाकरी कधी थापायची, दिवाबत्ती कधी उरकायची हे तिच्यावरून ठरू लागते.

आमच्याकडे ही चिकटण्याची क्रिया अधिक कष्टाने झाली, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. २००५ नंतरच्या काही वर्षांत खान्देशाच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास भारनियमन असे. संध्याकाळची वीज गेली की त्या दिवसाचा भाग गेला. मग दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण पाहून ज्यांना तो मिळाला असेल त्या बायका ओट्यावर बसून इतरांना सांगत, तोही अहिराणीत, आपल्या मनाची भर घालून. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात घडलेला प्रसंग आमच्या गल्लीत दुसऱ्यांदा घडे. मालिकांची बोली आमची नव्हती. कोल्हापूर, सातारा आणि तळकोकण पडद्यावर आले, तेव्हाही केळीचे मळे आणि कापसाची शेते दिसण्याची वाट आम्ही पाहतच राहिलो. तरीही त्या माणसांना बायकांनी आपले केले, ते या सांगण्यातून.

दैनंदिन मालिकेला आधी ठरलेला शेवट नसतो. ती किती चालणार हे प्रेक्षकसंख्येच्या मोजणीवर आणि त्या मोजणीवर बेतलेल्या जाहिरातींच्या दरांवर अवलंबून असते. २०१५ पासून ही मोजणी बार्क ही संस्था करते. निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून आकडे काढले जातात, दर आठवड्याला ते प्रसिद्ध होतात, आणि त्याच वर्षापासून त्यांत ग्रामीण घरेही धरली जाऊ लागली. आकडे चांगले असतील तर गोष्ट लांबते. ते घसरले तर वेळ बदलते आणि पुढे निरोपाची तारीख येते. लांबवताना नवे संकट, नवा गैरसमज, नवा अपघात घालावा लागतो. त्यामुळे एकनिष्ठ प्रेक्षकाच्याच वाट्याला सर्वांत थकलेली गोष्ट येते.

स्टार प्रवाहवरील ‘आई कुठे काय करते’ ही ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर आधारित होती. तिच्यावरूनच हिंदीत ‘अनुपमा’ झाली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षे संसारात राबते, नवऱ्याचे बाहेरचे संबंध कळल्यावर कोसळते, आणि पुढे घटस्फोट घेऊन गाण्यातून स्वतःला पुन्हा उभे करते. आमच्या गावात घटस्फोट हा शब्द आवाज खाली आणूनच उच्चारला जातो. मी मायशेजारी बसून तो प्रसंग पाहिला. तव्यावर कळण्याची भाकरी होती, तिची एक बाजू करपू लागली होती आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. अरुंधतीने सही केल्यावर मायने भाकरी उलटली आणि म्हणाली, “कयी ते करानंच व्हतं तिले.” असे काही करणाऱ्या बाईची बाजू तिने आमच्यासमोर घेतल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. या मालिकेवर माझा जीव का आहे, ते या एका क्षणातच आहे.

पुढे मात्र गोष्ट ताणली गेली. आशुतोषशी लग्न, मग त्याचा मृत्यू, मुलांच्या संसारांतील त्याच त्या कटकटी: ज्या बाईला आम्ही मोकळी होताना पाहिले होते, तिला पुन्हा त्याच उंबऱ्याशी आणून उभे केले जात आहे, असे वाटू लागले. माय त्या काळात चिडून पाहत असे, पण पाहत असे. तिचे “बरं जयं” या शेवटच्या दोन-एक वर्षांतून आलेले आहे.

मार्च २०२४ मध्ये मालिकेची वेळ संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचवर गेली. उन्हाळ्याचे महिने यात निभावले, कारण एप्रिल-मेच्या उन्हात खान्देशात दुपारी कोणी बाहेर पडत नाही; उडदाचे पापड लाटता लाटता किंवा ज्वारीच्या बिबड्या वाळवून घरात आल्यावर मालिका पाहता येत होती. पावसाळ्यानंतर चित्र पालटले. ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी लागते, आणि अडीच वाजता बाया कमरेला ओटी बांधून सरींतून चालत असतात. मजुरी किलोवर मिळत असल्याने कोणी मध्येच घरी येत नाही. मोबाइलवर भाग नंतर पाहता येतो हे खरे, परंतु दिवसभर वेचून बोटे चिरलेल्या बाईला रात्री लहानशा पडद्यावर एकटीने पाहणे आणि चुलीपाशी सगळ्यांसोबत पाहणे यांत मोठे अंतर आहे. मालिका अधिकृतपणे संपण्याआधीच आमच्या घरापुरती ती अशी अर्धी सुटली होती, आणि मला सर्वाधिक दुःख याचेच आहे. लांबवल्याबद्दलचा राग मी विसरू शकतो; शेतात राबणाऱ्या ज्या बायकांना ती गोष्ट खरोखर लागू होती, त्यांच्याच हातून ती सुटली, हे विसरता येत नाही.

शेवटचा भाग मायने रात्री नऊनंतर नातवाच्या मोबाइलवर पाहिला. चष्मा सापडत नव्हता म्हणून तिने मोबाइल हातभर लांब धरला होता आणि नातू मधूनमधून पडदा उजळवत होता. भाग संपल्यावर तिने तो लगेच परत दिला नाही. अरुंधतीला पुढे गाण्याचे काम मिळत राहील का, मुले तिला विचारतील का, असे तिने नातवालाच विचारले, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. सोमवारी, २ डिसेंबरला, दुपारी अडीच वाजता त्या जागी नवी मालिका सुरू झाली. माय त्या वेळी शेतात होती.