पट्टी दाबल्यानंतरचा सूर: कीबोर्डमधल्या दाबाच्या सेन्सरची पार्श्वभूमी

झाडीपट्टीच्या नाटकांत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रात्रभर रंगणाऱ्या प्रयोगांत, कीबोर्ड आता रुळला आहे. पण पेटीवर हात बसलेल्या वादकाला त्यात एक उणीव जाणवतेच. पेटीचा सूर लागल्यावरही भात्याने तो फुलवता येतो, दबवता येतो. साध्या कीबोर्डवर पट्टी वाजली की सूर हातातून सुटला. दाबाचा सेन्सर आला तो यासाठी, आणि त्यामागची खटपट सिंथेसायझरहून जुनी आहे.

1928 साली मोरिस मार्तनो यांनी पॅरिसमध्ये आपले विजेवरचे वाद्य लोकांपुढे वाजवले. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने एक बटण. बटणाखाली चामड्याची लहानशी पिशवी. तिच्यात वीज वाहणारी आणि न वाहणारी पूड एकत्र केलेली. दाब वाढला की कण एकमेकांना भिडत, विजेला वाट मिळे, आवाज चढे. डावा हात भात्याचेच काम करी! पुढे कॅनडात ह्यू ले केन यांनी 1945 ते 1948 दरम्यान ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ हे पट्ट्यांचे विजेवरचे वाद्य घडवले आणि हा ताबा थेट पट्टीत आणला. पट्टीवर जोर दिला की आवाज वाढे, बाजूला रेटली की सूर सरके.

यामाहाच्या सीएस-80 या सिंथेसायझरमध्ये (1977) प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा मोजला जाई. धरलेल्या तीन सुरांतला नेमका एक फुलवायचा, ही चैन मोठी, पण खर्चिक. यामाहाच्याच 1983 च्या डीएक्स7 मध्ये मग सगळ्या पट्ट्यांखाली मिळून एकच लांब सेन्सर आला. एका बोटाने जोर दिला तरी धरलेले सगळेच सूर बदलतात. त्याच वर्षी आलेल्या मिडीने, म्हणजे विजेवरच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या ठरावीक भाषेने, दोन्ही प्रकारांना स्वतंत्र संदेश दिले. दाब 0 ते 127 आकड्यांत जातो.

पट्टी किती जोरात मारली हे मोजणे निराळे. तिथे पट्टीखालच्या दोन विद्युत संपर्कांमधला वेळ मोजतात. म्हणून वेग नीट आणि दाब मेलेला, असा जुना कीबोर्ड सर्रास सापडतो. पट्ट्यांखालचा नमदा वर्षानुवर्षे दबून घट्ट होतो, मग बोट दुखेपर्यंत रेटावे लागते. डीएक्स7 उघडण्याआधी मात्र आफ्टरटचची, म्हणजे याच दाबाच्या परिणामाची, रेंज सेटिंगमध्ये शून्यावर नाही ना, ते पाहावे. तिथे शून्य असेल तर धडधाकट सेन्सरही गप्पच राहतो.