बागेच्या पाइपचे नोझल आणि त्याची निवड

बागेला पाणी घालण्याच्या पाइपच्या टोकाला बसवून धारेला आकार आणि वेग देणारी तोटी म्हणजे नोझल. मुंबईत ते निवडताना बागेच्या आधी इमारतीची टाकी पाहावी लागते. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांचे पालिकेचे पाणी बहुतेक सोसायट्यांत ठरावीक वेळी येऊन जमिनीखालच्या टाकीत साठते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून स्वतःच्या वजनाने घरोघरी उतरते. म्हणून नळाला मिळणारा दाब टाकीतले पाणी त्या नळाच्या किती वर आहे, यावर ठरतो.

१० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. तळमजला अधिक चार मजल्यांच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर दीड बारच्या आसपास दाब असतो, तर वरच्या मजल्यावर जेमतेम ०.३ ते ०.४ बार. सर्वांत वाईट स्थिती गच्चीवरच्या बागेची. टाकी शेजारीच असते, पण तिच्यातले पाणी नळापेक्षा एक-दोन मीटरच वर असल्याने दाब ०.१ ते ०.२ बारच्या पुढे जात नाही. याउलट टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर दाब इतका होतो की तो कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात.

नोझल लावले की दाब वाढतो, असे दुकानात सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. टाकीच्या उंचीने दिलेल्या दाबात नोझल काहीही भर घालत नाही. पाइपचे तोंड उघडे असताना पाणी भरपूर वाहते आणि बराचसा दाब पाइपच्या आतल्या घर्षणात खर्च होतो. तोंड अरुंद केले की प्रवाह घटतो, घर्षण कमी होते आणि वाचलेला दाब तोंडाशी वेगात बदलतो. धार लांब जाते, पण मिनिटाला पडणारे पाणी कमी होते. एकाच छिद्रातून दुप्पट पाणी हवे असेल, तर दाब चौपट लागतो.

त्यामुळे खरेदीआधी प्रवाह मोजणे सर्वांत महत्त्वाचे. पाइप जोडून, नोझल न लावता, रोज झाडांना पाणी घालता त्याच वेळी १५ लिटरची बादली भरून पाहावी. एका मिनिटात भरली तर प्रवाह मिनिटाला १५ लिटर, दोन मिनिटे लागली तर साडेसात. शेजारच्या घरांत आंघोळी चालू असताना आणि दुपारच्या शांत वेळी आकडे वेगळे येतात. कमी आलेला आकडा धरावा.

कमी दाबाला मोठ्या छिद्रांचे झारीतोंड किंवा फिरवून उघडणारी साधी पितळी तोटी उत्तम. सात-आठ प्रकारचे फवारे देणारी ट्रिगर गन तिथे घेऊ नये: आतल्या अरुंद वाटांत उरलासुरला दाबही संपतो आणि धुक्याचा फवारा लावला की पाणी नुसते ओठावरून ठिबकते. दीड-दोन बारच्या पुढे मात्र ती छान चालते आणि दोन कुंड्यांच्या मधे बोट सोडताच पाणी थांबते, ही मोठी बचत. कुंड्यांसाठी तिथेही शॉवरचीच धार ठेवावी, सरळ धारेने माती उडून मुळे उघडी पडतात.

पाइपचा व्यास विसरू नये. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची पाइप घेतल्यास तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाने जाणारा दाब सुमारे सातव्या हिश्शावर येतो. गच्चीवर महागड्या नोझलपेक्षा जाड आणि आखूड पाइपच जास्त कामी येतो.

ट्रिगर बंद ठेवून नळ उघडाच टाकला की पाइपमध्ये पूर्ण दाब अडकून राहतो. मग क्लॅम्प नसलेला पाइप फुगून नळावरून निसटतो आणि बाल्कनीतले पाणी खालच्या घरात जाते, म्हणून काम संपल्यावर आधी नळ बंद करून मग धार सोडावी. टाकीतला गाळ बारीक छिद्रांत बसतो, त्यासाठी जोडाजवळ जाळीचा वॉशर टाकावा. तलावांचे पाणी मृदू असते, पण बोअरवेल किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्याने छिद्रांवर पांढरा थर धरतो. नोझल काही तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासले की तो निघतो.