उन्हानं माणूस तापट होतो का?

मे महिना आला की मोबाईलवर तीच रील फिरते: भुसावळचा पारा ४५ च्या पुढं, म्हणून खान्देशी माणूस तापट. ही कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या मोंतेस्क्यूनं मेंढीची जीभ गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि हवामानावरून देशोदेशींचे स्वभाव ठरवले. राशीवरून स्वभाव सांगणारे निदान मेंढीला तरी सोडतात.

उकाड्यात चिडचिड वाढते, हे खरं. पण ती त्या दुपारपुरती. पिढ्यान्‌पिढ्यांचं वळण पडतं ते पोटापाण्याच्या कामातून, आणि आमच्याकडं त्याचा उत्तम नमुना म्हणजे पांझरा-मोसम नद्यांकाठची फड पद्धत. नदीवर बंधारा, तिथून पाट. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे तुकडे, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. उसाच्या फडात मधेच कुणी गहू पेरायचा नाही. पाणी पाटकरी देणार, त्याची मजुरी धान्यात. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. खरी गंमत वाटणीत आहे: बहुतेकांची एकेक पट्टी प्रत्येक फडात. नदी आटली तर अख्खा फड कोरडा सोडतात. मग तोटाही सगळ्यांच्यात वाटला जातो. अशा गावात शेजाऱ्याशी कायमचं भांडण परवडत नाही.

२०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस टालहेम आणि सहकाऱ्यांनी चीनमध्ये १,१६२ जणांची चाचणी घेतली. आगगाडी, बस, रूळ: यातल्या दोघांची जोडी लावा. गव्हाच्या मुलखातले लोक जास्त करून आगगाडी-बस म्हणाले, एकाच जातीच्या वस्तू म्हणून. भाताच्या मुलखात आगगाडी-रूळ जास्त, कारण त्यांचं एकमेकांशी नातं. भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, मजूरही गव्हाच्या जवळजवळ दुप्पट.

मी आईला विचारलं: बैल, म्हैस, नांगर? तिनं लगेच बैल-नांगर जोडले. "बैल नही ते नांगर कोन वढी?" एका आईच्या उत्तराला विज्ञान म्हणत नाहीत, पण मला मजा वाटली.

शंका येईल की मुळात मिळूनमिसळून राहणारेच भाताकडं वळले असतील. त्यावर २०२४ चा अभ्यास आहे. चीनच्या निंग्शिया प्रांतात सरकारनं लोकांना दोन सरकारी शेतांवर धाडलं होतं, एक भाताचं, एक गव्हाचं. कुठं जायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. तरी फरक तसाच निघाला.

आमच्याकडं आता बोअर आहे. रात्री लाइट आली की ज्याचा तो उठतो, आपली मोटार चालू करतो आणि परत येऊन झोपतो.