‘मे’ म्हणजे फक्त परवानगी नव्हे

इंग्रजी शिकवणाऱ्या फॉरवर्डमधून एक नियम वर्षानुवर्षं फिरतोय: ‘मे’ फक्त परवानगीसाठी असतो, म्हणून उशिराची शक्यता सांगताना ‘आय मे बी लेट’ चूक, ‘आय माइट बी लेट’च बरोबर.

असं वाटणं साहजिक आहे. ‘मे आय कम इन?’ म्हणतच हा शब्द आपल्या तोंडी बसतो. पण तो प्रश्न आहे, तिथे ‘मे’ हा ‘आय’च्या आधी येतो. ‘आय मे बी लेट’ हे साधं विधान, अर्थ ‘मला कदाचित उशीर होईल’ एवढाच. कोणत्याही चांगल्या इंग्रजी शब्दकोशात ‘मे’ काढून पाहा. परवानगीसोबत शक्यता हाही अर्थ दिलेला सापडेल. ‘माइट’ही चालतोच, काहींना त्यात शक्यता किंचित कमी वाटते.

जपायला हवं ते ‘आय कॅन बी लेट’पासून. त्यातून ‘मी उशिरा आलो तरी चालतं’ असा सूर निघू शकतो. आणि नम्रता या एका शब्दावर अवलंबून नसतेच. ‘सॉरी, आय मे बी टेन मिनिट्स लेट’ म्हटलं की दिलगिरीही पोचते आणि किती वाट पाहायची तेही समोरच्याला कळतं.