नल्लमला हेलिकॉप्टर अपघात (२००९)

तत्कालीन आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचा मृत्यू ज्यात झाला, तो अपघात. २ सप्टेंबर २००९ रोजी सकाळी तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातील नल्लमलाच्या जंगलात, पावुरालगुट्टा या डोंगरावर त्यांचे हेलिकॉप्टर कोसळले. तेलुगूत या नावाचा अर्थ कबुतरांची टेकडी. मुख्यमंत्र्यांसह त्यांचे प्रधान सचिव, मुख्य सुरक्षा अधिकारी आणि दोन्ही वैमानिक असे पाचही जण ठार झाले.

लोकांच्या तक्रारी थेट गावात जाऊन ऐकायच्या, अशा ‘राचबंडा’ (गावचा पार) कार्यक्रमाची सुरुवात त्या दिवशी चित्तूर जिल्ह्यातून व्हायची होती. राज्य सरकारच्या मालकीचे, दोन इंजिनांचे बेल ४३० हेलिकॉप्टर ८ वाजून ३८ मिनिटांनी हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावरून उडाले. पावसाळ्याचे दिवस, दक्षिणेकडे ढग दाटलेले. साडेनऊ वाजायच्या आतच संपर्क तुटला.

शोध चोवीस तास चालला आणि तेव्हा तो देशातला सर्वांत मोठा मानला गेला. हवाई दलाची हेलिकॉप्टरे, सुखोई-३० लढाऊ विमाने, इस्रोचा रिसॅट-२ उपग्रह, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे हजारो जवान असे सगळे कामाला लागले. पायवाटा ठाऊक असलेले स्थानिक आदिवासीही जंगलात उतरले. श्रीशैलमच्या व्याघ्र प्रकल्पाचे हे रान इतके दाट, की वरून झाडांच्या छत्र्यांखेरीज काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष सापडले. कमांडोंना दोराने खाली उतरावे लागले.

तपासासाठी केंद्र सरकारने पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आर. के. त्यागी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या निष्कर्षानुसार, गडगडाटी ढगात शिरल्यावर वरून खाली येणाऱ्या वाऱ्याच्या प्रचंड झोतात हेलिकॉप्टर सापडले, ताबा सुटला आणि ते वेगाने डोंगरावर आदळले. पण अहवालाचा खरा गाभा त्याआधीच्या काही मिनिटांत आहे. ट्रान्समिशनच्या (इंजिनाची शक्ती पंख्यापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेच्या) तेलाच्या दाबाबाबत एक बिघाड दिसला, आणि त्यावर काय करायचे ते वैमानिक माहितीपुस्तिकेत शोधू लागले. कॉकपिटमधल्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणावरून दिसते, की सहा मिनिटांहून अधिक काळ त्यांचे लक्ष त्या शोधात गुंतले होते, आणि बाहेर हवामान बिघडत चालले होते. परत फिरण्याचा किंवा दुसरीकडे उतरण्याचा विचार झालाच नाही, असे समितीने नोंदवले. ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या क्षणांत सहवैमानिक ‘गो अराउंड’ असे ओरडताना ऐकू येतो. ‘उतरणे सोडा, पुन्हा वर चढा’ असा या शब्दांचा वैमानिकी अर्थ. चढायला तेव्हा वेळ उरला नव्हता. बिघाड किरकोळ होता की मोठा, यापेक्षा त्याने लक्ष कुठून कुठे नेले, हे या प्रकरणात महत्त्वाचे ठरते.

घातपाताची शंका मात्र सहजी शमली नाही. जानेवारी २०१० मध्ये एका तेलुगू वाहिनीने कटाचा दावा करणारे वृत्त दाखवले आणि मुंबईस्थित एका उद्योगसमूहाच्या आंध्रातील दुकानांवर जमाव चालून गेला. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासातही घातपाताचा पुरावा मिळाला नाही.

आंध्रला असा धक्का नवा नव्हता. लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी ३ मार्च २००२ रोजी याच राज्यात, कैकलूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून गेले होते. राजशेखर रेड्डी यांच्यानंतर के. रोसय्या मुख्यमंत्री झाले. मुलगा जगनमोहन यांना ते पद मिळाले नाही; पुढे त्यांनी काँग्रेस सोडून स्वतःचा पक्ष काढला आणि २०१९ मध्ये विभाजनानंतरच्या आंध्रचे मुख्यमंत्रिपद मिळवले. राजशेखर रेड्डी यांचे दफन कडप्पा जिल्ह्यातील इडुपुलपाया येथे झाले.