टोचलेले औषध शरीरात मुरते कसे?

एडिनबरोचे डॉक्टर अलेक्झांडर वुड यांनी १८५३ च्या सुमारास पोकळ सुई आणि पिचकारी वापरून मज्जातंतूंच्या दुखण्यावर मॉर्फिन टोचायला सुरुवात केली. औषध जिथे टोचले तिथल्याच मज्जातंतूवर ते काम करते आणि म्हणून सुई दुखऱ्या जागीच टोचली पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. पुढे काही वर्षांतच लंडनचे चार्ल्स हंटर यांच्यावर, एकाच जागी वारंवार टोचल्याने तिथे पू होऊ लागल्यामुळे, जागा बदलण्याची वेळ आली, आणि दुखऱ्या भागापासून दूर टोचूनही रुग्णाला तितकाच आराम पडतो हे त्यांच्या लक्षात आले. औषध टोचल्या जागी थांबत नाही, रक्तात उतरून सगळीकडे पोहोचते, हे त्यातून दिसले. मात्र ते कोणत्या वाटेने, किती वेगाने आणि वाटेत किती वाया जाऊन पोहोचते, या प्रश्नाचा पाठपुरावा अजून संपलेला नाही. आज त्यावर वैद्यकाच्या अभ्यासकांबरोबरच यांत्रिकी आणि रासायनिक अभियांत्रिकीचे विद्यार्थीही पीएच.डी. करत आहेत.

अभियांत्रिकीचा येथे संबंध काय, हे समजण्यासाठी सुईच्या टोकापाशी काय असते ते पाहावे लागेल. माणूस कृश असो वा स्थूल, टोचण्याच्या जागी त्वचेची जाडी साधारण २ मिलिमीटरच भरते, त्यामुळे इन्शुलिनच्या पेनची ४ मिलिमीटरची सुई सरळ टोचली की ती त्वचेखालच्या चरबीच्या थरात उतरते. या थरात चरबीच्या पेशींचे पुंजके असतात, त्यांच्यामध्ये कोलॅजनच्या तंतूंचे पडदे असतात, आणि उरलेल्या फटींत हायल्युरोनिक आम्लासारख्या लांबलचक रेणूंनी धरून ठेवलेले जेलसारखे पाणी असते. या रेणूंवर ऋण विद्युतभार असल्यामुळे धनभारित औषधे त्यांच्यात अडखळतात. याच जागेतून रक्ताच्या केशवाहिन्या आणि लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतींतला जादा द्रव (लसीका) गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या नळ्या, जातात.

दट्ट्या दाबला की पहिली काही सेकंदे सारा कारभार दाबाचा असतो. ऊती फुगते, तिच्यातली छिद्रे रुंदावतात, आणि द्रव गोल थेंबासारखा न पसरता पुंजक्यांमधल्या कमी विरोधाच्या वाटा शोधत वेडावाकडा पसरतो. वाळूतून पाणी कसे झिरपते याचा नियम फ्रान्समधील दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केलेले अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडला, आणि झिरपणाऱ्या द्रवामुळे भोवतालचे माध्यमच आकार बदलू लागले तर काय होते, याचे गणित मॉरिस बिओ यांनी १९४१ मध्ये जमिनीच्या संदर्भात पूर्ण केले. जमिनीसाठी रचलेली हीच समीकरणे आज पोटावरच्या चरबीला लावली जातात. विज्ञानाच्या शाखा एकमेकींना अशा उपयोगी पडताना पाहून मला नेहमीच आनंद होतो. दाब ओसरला की विसरणाचे, म्हणजे रेणू दाटीकडून विरळ जागेकडे आपोआप पसरण्याचे, राज्य सुरू होते. त्याची गती मंद असते, कारण अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो.

रेणूचा आकार येथे निर्णायक ठरतो, आणि इन्शुलिनइतके त्याचे बोलके उदाहरण दुसरे नाही. इन्शुलिनचा एकटा रेणू सुमारे ५,८०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंचे वस्तुमान मोजण्याचे एकक) असतो, पण कुपीतल्या दाट द्रावणात जस्ताच्या साहाय्याने असे सहा रेणू एकत्र बांधलेले असतात. ही रचना डोरोथी हॉजकिन यांच्या चमूने १९६९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, आणि त्या चमूत भारताचे एम. विजयन हेही होते. सहांचा हा गठ्ठा केशवाहिनीच्या भिंतीतून सहजी जात नाही. ऊतींतल्या पाण्याने तो विरळ होऊन सुटावा लागतो, आणि म्हणूनच साधे इन्शुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. १९९६ मध्ये आलेल्या लिस्प्रो इन्शुलिनमध्ये साखळीतल्या प्रोलीन आणि लायसीन या शेजारच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केलेली असते. तेवढ्याने गठ्ठा सैल होतो आणि औषध लवकर रक्तात उतरते. ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनची युक्ती नेमकी उलटी आहे. ते पेनमध्ये आम्लधर्मी द्रावणात विरघळलेले असते, ऊतींत आम्लता नाहीशी होताच त्याचे सूक्ष्म कण साखळतात आणि दिवसभर हळूहळू सुटत राहतात. माझ्या मते ही दोन्ही औषधे म्हणजे ऊतींमधल्या प्रवासाच्या अभ्यासाला आलेली फळे आहेत.

मोठ्या रेणूंची वाट वेगळी असते. मेंढ्यांवरील प्रयोगांत असे दिसले की सुमारे १६,००० डाल्टनच्या पुढचे रेणू मुख्यतः लसीकावाहिन्यांतून जातात. कर्करोगावर किंवा संधिवातावर दिली जाणारी प्रतिपिंडे सुमारे १,५०,००० डाल्टनची असतात. लसीका संथ वाहते, म्हणून त्यांची रक्तातली पातळी शिगेला पोहोचायला काही दिवस जातात आणि वाटेत त्यांचा काही भाग विघटित होतो.

संशोधकापुढची खरी अडचण ही की रक्ताचा नमुना केव्हाही घेता येतो, पण चरबीच्या थरात काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणून डुकराच्या ऊतींत औषधाबरोबर आयोडीनयुक्त द्रव्य टोचून क्ष-किरणांच्या सूक्ष्म टोमोग्राफीने त्या डागाचे त्रिमितीय चित्र मिळवतात, हायल्युरोनिक आम्ल मिसळलेल्या कृत्रिम जेलमध्ये प्रतिपिंडे किती वेगाने सरकतात ते मोजतात, आणि या मोजमापांवरून संगणकीय प्रारूप बेतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात त्वचा, चरबी आणि स्नायू हे तिन्ही थर धरून अशी प्रारूपे तयार झाली आहेत. हे काम चिकाटीचे आहे, कारण ऊतीची पारगम्यता जागेनुसार आणि दाबानुसार बदलते, आणि डुकराच्या ऊतीत मिळालेला आकडा माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

हायल्युरोनिक आम्लाचा अडथळा काही वेळ दूर करता येतो, हेही आता उपचारात आले आहे. ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध शिरेतून देताना पहिल्या वेळी दीड तास लागतो. त्यात हे आम्ल तोडणारे विकर (एन्झाइम) मिसळले की ६०० मिलिग्रॅमची मात्रा ५ मिलिलिटरमध्ये मांडीच्या त्वचेखाली २ ते ५ मिनिटांत देता येते, आणि तुटलेले रेणू शरीर एकदोन दिवसांत पुन्हा तयार करते.

रोज टोचून घेणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रश्न अनिश्चिततेचा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या ५४ जणांना प्रत्येकी चार वेळा तीच मात्रा दिली, तेव्हा २४ तासांतला परिणाम एकाच व्यक्तीत एनपीएच या जुन्या, सावकाश उतरणाऱ्या इन्शुलिनसाठी ६८ टक्के, ग्लार्जिनसाठी ४८ टक्के आणि डेटेमिर या दुसऱ्या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनसाठी २७ टक्के इतका बदलता आढळला. पोटावरून इन्शुलिन मांडीपेक्षा लवकर शोषले जाते, आणि ऊब व व्यायाम यांनी वेग वाढतो. एकाच जागी वर्षानुवर्षे टोचले की चरबीच्या गाठी होतात आणि तिथून ते कधी उशिरा, कधी अपुरे उतरते. अशा गाठीत टोचायची सवय झालेल्या व्यक्तीने डॉक्टरांना न विचारता अचानक निरोगी जागी तेवढेच युनिट घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून जागा बदलताना मात्राही बहुधा कमी करून घ्यावी लागते.